नकाशेबाईच्या पोटातलं गाव

मोजणी खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीशी काचेच्या टेबलावर वाकून बसलेली बाई म्हणजे नकाशेबाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. टेबलाची काच दुधी, खाली ट्यूबलाइट. काचेवर जुना नकाशा ठेवायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि खालून उमटणारी रेघ वरून शाईने गिरवायची. एकोणतीस वर्षं ती हेच करत आली. आता बाकी सगळ्यांपुढे कॉम्प्युटर आले, पण फाटके, विरलेले, ओल लागलेले नकाशे अजून तिच्याकडेच येतात, कारण कागदाची घडी कुठली आणि ओढा कुठला हे मशीनला कळत नाही. दुपारी दोनच्या सुमाराला खालचा उजेड आणि खिडकीतला उजेड एकमेकांत मिसळतो, रेघा कागदावरून किंचित उचलल्यासारख्या दिसायला लागतात आणि नकाशेबाईची तंद्री लागते. हात मात्र चालू असतो. साहेबांनी एकदोनदा हटकायचं मनात आणलं होतं. मग तिची रेघ बघितली आणि गुपचूप निघून गेले.

तिच्या पर्समध्ये आणखी एक नकाशा होता, तो खात्याचा नव्हता. हातरुमालाएवढ्या कागदावर तिने घर ते ऑफिस हा सगळा भाग काढला होता. त्यात शाळा नव्हती, बाग नव्हती, बाजार नव्हता. होते फक्त संडास. भरीव गोल म्हणजे भरवशाचा. अर्धा गोल म्हणजे दुकानदाराच्या मर्जीचा. गोलावर फुली म्हणजे त्याला कुलूप असतं, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका जेवायला गेलेला असतो. त्या कागदाच्या कडेपलीकडे जग आहे हे तिला ऐकून माहीत होतं, पण चार वर्षांत तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

यात लाजण्यासारखं काही नाही, पोट सगळ्यांनाच असतं. तिच्या मोठ्या आतड्याला सूज होती, जुनाट. मधेच बरं वाटायचं, मधेच उसळायचं. उसळलं की दिवसातून दहा-बारा वेळा धावपळ, कळा, रक्त, आणि उभं राहायचं त्राण नाही. पहिल्याच वर्षी एकदा बसमध्ये तिची फार फजिती झाली. ती तिने कुणालाच सांगितली नाही, म्हणून इथेही नको. त्यानंतर ती बसमध्ये चढली नाही.

तिची थोरली बहीण सात तासांवरच्या गावी मुलाकडे राहायची. आई गेली तेव्हा नकाशेबाई सहा वर्षांची होती आणि ताई एकवीसची. वेणीफणी, पाढे, गोवर, पुढे हिने लग्न करणार नाही म्हटल्यावर घरात झालेला तमाशा, सगळं ताईनेच निस्तरलं. दोन वर्षांपूर्वी ताईचा नवरा गेला, आणि नकाशेबाई भेटायला गेली नाही. पोटाचं कारण सांगितलं. कारण खरंच होतं. ताई फोनवर म्हणाली, "तू तुझं पोट सांभाळत बस. इथे माणसं जातायत." त्यानंतरही फोन व्हायचे, पण ते हवापाण्याचे. दोघी बहिणी जपून, हलक्या पावलांनी बोलायच्या.

एका सकाळी भाच्याचा फोन आला.

"मावशी, आईचं विसरणं फार वाढलंय. काल मलाच विचारत होती, तुम्ही कुठले म्हणून. तुझी आठवण मात्र रोज काढते. अजून काढते. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. यायचं तर आत्ताच ये."

नकाशेबाईच्या पोटात गोळा आला. या खेपेला त्यात आतड्याचा काही दोष नव्हता. ताईने तिला ओळखणं बंद करायच्या आत एकदा तिच्यासमोर जाऊन बसायचं होतं. दुसरं काही नको होतं.

रविवारी ती निघाली. पोट रिकामं असलेलं बरं म्हणून आदल्या दिवशी तिने चहाशिवाय काही घेतलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसली. पहिला थांबा गेला. दुसऱ्या थांब्याला तिच्या पोटात काहीतरी फिरलं. पोटात खरं म्हणजे काहीच नव्हतं, नुसती भीती होती, तीच फिरली. ती उतरली आणि चार किलोमीटर चालत घरी आली. वाटेत तिला स्वतःची इतकी चीड आली की भरीव गोलाचा संडास दिसला तरी तिने तिकडे बघितलं नाही.

सोमवारी तिने पोटाच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी कागद चाळले. "कॅमेऱ्याने बघितलं होतं ना आपण? सूज जवळजवळ उतरलीय. औषध चांगलं लागू पडलंय, ते चालूच ठेवायचं. पण वजन का घटतंय? खाता काय तुम्ही?" नकाशेबाईने पर्समधून यादी काढली. डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, आणि तिला तळमजल्यावरच्या आहारवाल्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडम म्हणजे एक तरुण मुलगी निघाली, आणि तिलाच सर्दी झालेली. नकाशेबाईला वाटलं, हिचं हिलाच सावरत नाही, ही मला काय सांगणार. मुलीने नाक पुसून यादी टेबलावर पसरली. सुंदर अक्षरात चौसष्ट पदार्थ लिहिलेले, आणि एकोणसाठांवर तारखेसकट काट मारलेली. उरलेले पाच. भात, उकडलेला बटाटा, पाव, बिस्किट, साखरेचा चहा.

"हे सगळं बंद करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ज्या दिवशी पोट दुखलं, त्या दिवशी खाल्लेलं काढलं."

"त्या दिवशी चार गोष्टी खाल्ल्या असतील तर?"

"चारही काढल्या."

हे नकाशेबाईच्याच हातून व्हायचं होतं. नोकरीला लागली तेव्हा तिच्या पहिल्या साहेबांनी तिला एक धडा दिला होता. रेघेबद्दल शंका आली की ती ठेवायची नाही. ब्लेडच्या कोपऱ्याने शाई खरवडायची आणि जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागेने कुणाचं नुकसान होत नाही, चुकीची रेघ मात्र एखाद्याचं शेत गिळते. नकाशांच्या बाबतीत हे सोळा आणे खरं. नकाशेबाईने तोच धडा ताटाला लावला. कांद्याची शंका आली, कांदा गेला. मसूर, सफरचंद, दही, कोबी, अंडं, एकेक करत सगळे गेले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हिने ताकाचं भांडंच पालथं घातलं.

मुलगी समजावायला लागली, मधेमधे शिंकत.

"तुमच्या आतड्यात वस्ती आहे. कोट्यवधी जिवाणू. सगळे वाईट नसतात, बरेचसे कामाचे असतात. आपल्याला न पचणारा चोथा, सालं, कोंडा, ते खातात. त्याचं जे काही बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. प्रत्येकाचं खाणं वेगळं. तुम्ही पाच वस्तू खाता, म्हणजे पाच वस्तूंवर भागतं तेवढेच टिकतात. बाकीचे उपाशी. काही नाहीसे होतात, काही अस्तरच कुरतडायला लागतात. हे प्राण्यांमध्ये दिसलंय, माणसांमध्ये अजून अभ्यास चालू आहे. आम्हाला तरी सगळं कुठे कळलंय?"

"मग माझी सूज उतरली कशी?"

"औषधाने. म्हणून ते सोडायचं नाही. आणि सूज होती तेव्हा साधं, मऊ खाल्लंत ते ठीकच होतं. पण ते दिवस गेले, बाई. तुम्ही तिथेच राहिलात."

ऑफिसात परत येऊन नकाशेबाई टेबलाशी बसली. दुपारचे दोन वाजले. उजेडात उजेड मिसळला, आणि तिला समोरच्या कागदाखाली दुसरंच गाव दिसायला लागलं. गुलाबी, ओलसर भिंतींचं, वळणावळणाच्या एकाच लांबलचक रस्त्याचं गाव. ती खांद्यावर मोजणीची साखळी टाकून त्या रस्त्याने चालली होती. दुतर्फा दारं, आणि दारं बंद. दहा-पंधरा दारांमागे एखादा दिवा मिणमिणत होता. एका उंबरठ्यावर कुणीतरी बसलं होतं. त्याचा चेहरा तिला दिसला नाही. "मोजायला आलात का?" त्याने विचारलं. "मोजा की. माणसंच नाहीत." तिने खाली बघितलं तर तिच्या हातात ब्लेड होतं. ती दचकून जागी झाली. ट्रेसिंग पेपरवर ओढा नीट उमटला होता, एक वळणही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती खायला लागली. सुरुवात चमचाभर मसुराने, शिजवून घोटलेल्या. तीन दिवस थांबायचं, मग दोन चमचे. पुढच्या आठवड्यात ओट, मग दही, पिकलेलं केळं, वाफवलेलं गाजर. पोट गुरगुरायचं, फुगायचं. पूर्वी त्या आवाजाने तिचा थरकाप उडायचा. आता ती डोळे मिटून ऐकायची, आणि लांब कुठेतरी कुणी सामान उतरवून घेत असल्याची चाहूल तिला लागायची. मुलीने आणखीही काही पाळायला लावलं होतं. रात्री ठरल्या वेळी झोपायचं, जेवणानंतर अर्धा तास चालायचं, आणि जिन्यात एकटीने पावाचा तुकडा गिळण्याऐवजी माणसांत बसून जेवायचं. शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं. डबा घेऊन ती मोठ्या टेबलाशी गेली तेव्हा शिपाईमामांनी सरकून जागा केली आणि थोडा वेळ तिच्याकडे टक लावून बघत राहिले. म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांत तुम्हाला चावताना आज पहिल्यांदा बघतोय." सगळे हसले. तीही हसली, आणि हसताहसता तिचं डब्यातलं गाजर संपलं.

कोबीने मात्र दगा दिला. दोन घास जास्त झाले आणि संध्याकाळी अशा कळा आल्या की तिला गेली चार वर्षं पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटलं. तिने यादी काढली, पेन उघडलं, कोबीवर टेकवलं. मग तिचा हात थांबला. एकाच जागी चारदा खरवडलं की कागदाचं काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तो पातळ होतो. मग त्यावर कितीही नेमकी रेघ मारली तरी शाई फुटते. रेघ बरोबरच असते, कागदच ती धरत नाही. कित्येक नवशिक्या पोरींना तिने हे ओरडून शिकवलं होतं, आणि स्वतःच्या पोटाला चार वर्षं ब्लेड लावत होती. तिला रडू आलं. डोळे पुसून तिने कोबीपुढे 'थोडा' असं लिहिलं. तो शब्द त्या यादीत पहिल्यांदाच आला होता.

इकडे हे चाललं होतं, आणि तिकडे ताई उतरणीला लागली होती. एका फोनवर तिने विचारलं, "शाळेतून आलीस का गं?" नकाशेबाई हो म्हणाली. दोघी त्या शाळेबद्दल दहा मिनिटं बोलल्या. गेल्या दोन वर्षांत त्या इतक्या मोकळेपणाने बोलल्या नव्हत्या. तीन आठवड्यांनी फोन केला तेव्हा पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग ताई अगदी अदबीने म्हणाली, "आपण कोण बोलताय?" आणि भाच्याने फोन घेतला.

नकाशेबाई त्याच दिवशी आहारवाल्या मुलीकडे गेली. यादीत आता पाचाचे एकोणीस झाले होते. मुलीने आखून दिलेल्या वेळापत्रकाचे अजून सहा आठवडे बाकी होते.

"सहा आठवड्यांनी जाईन म्हणते. तोवर पूर्ण बरी होईन."

मुलीने पेन खाली ठेवलं. "बाई, खरं सांगू? पूर्ण बरं असं होत नाही यात. हे दुखणं तुमच्याबरोबर राहणार आहे. कधी झोपेल, कधी उठेल. वस्ती भरायला महिने लागतात, आणि तिचा भरवसा मीही देत नाही. जायचंय तर जा. दुखण्यालाही बरोबर घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती निघाली. घरून ओट आणि अर्धं केळं खाऊन निघाली, डब्यात भात आणि मसूर. पहिला थांबा गेला, दुसरा गेला. शहर मागे पडलं. तिच्या हातरुमालाएवढ्या नकाशाची कड केव्हा ओलांडली हे तिला कळलंच नाही. ऊन काचेवर हलत होतं, शेतं येत होती आणि जात होती, आणि डोळा लागता लागता ती पुन्हा त्या गुलाबी गावात होती. दारं अजूनही बरीच बंद होती. पण काही उघडी होती, उंबऱ्यांवर कुणीकुणी उभे होते, आतून भांडी सरकवल्याचा आवाज येत होता. आपणही कुठेतरी पाहुणी म्हणून निघालोय हे तिला त्यांना सांगावंसं वाटलं.

तिसऱ्या तासाला कळ आली आणि ती जागी झाली. पुढचा थांबा दीड तासावर होता. नकाशेबाई घामाने निथळली. मग जागेवरून उठली, पुढच्या दांडीला धरून उभी राहिली आणि भरल्या बसमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाली, "ड्रायव्हर, मला जायचंय. बस थांबवा." बस पेट्रोल पंपावर थांबली. ती जाऊन आली तेव्हा तिच्या मागे सात माणसांची रांग होती. त्यातली एक म्हातारी तिला म्हणाली, "बरं झालं तू बोललीस बाई. मी मगापासून दातओठ खाऊन बसले होते." चार वर्षं जिला ती भीत होती, ती गोष्ट पाच मिनिटांत संपली. बस पुन्हा सुरू झाली. नकाशेबाईने डबा उघडला आणि जेवली.

भाचा दारातच उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला, मग हळूच म्हणाला, "मावशी, आज दिवस फारसा बरा नाहीये तिचा. वाईट वाटून घेऊ नकोस."

ताई मागच्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाशी बसली होती. जन्मभर तिने लाँड्रीत काम केलं होतं. माणसं मनातून पुसली गेली तरी तिच्या हातांना घड्या घालता येत होत्या, म्हणून भाच्याची बायको रोज सगळे कपडे तिच्यापुढे आणून ठेवायची. ताई केवढीशी झाली होती. नकाशेबाई दारात थांबली. 

ताईने मान वर केली. नजर तिच्या चेहऱ्यावरून फिरली, केसांवरून, पर्सवरून, आणि कुठेही न अडता परत आली.

"आलात का? बरं झालं," ताई म्हणाली. "चादरीला दोन माणसं लागतात."

नकाशेबाईने पर्स खाली ठेवली आणि चादरीची दोन टोकं धरली. दोघींनी चादर ताणली, झटकली. खिडकीतलं ऊन पांढऱ्या कापडातून झिरपून खोलीभर पसरलं. ताई दोन पावलं पुढे आली, टोकाला टोक जुळवलं, तिच्या बोटांतून टोकं घेतली. ताईचे हात उबदार होते.

"तुम्ही शहराकडच्या दिसता."

"हो."

"माझी धाकटी असते तिकडे. नकाशे काढते. फार हुशार." ताईने घडीवरून तळवा फिरवला. "तिला पोटाचं दुखणं आहे. लहानपणापासून नाजूक हो. मी वाढवली ना, मला माहीत आहे. आणि मीच तिला फोनवर नको ते बोलले. माणूस गेलं होतं घरातलं, तोल गेला माझा."

नकाशेबाईने घडी घातलेली चादर उचलून बाजूला ठेवली. 

"तेव्हापासून ती नीट बोलत नाही. घाबरते मला. भेटली कुठे तर सांगाल का तिला? म्हणावं, ताईच्या मनात काही नाही. जेवत जा म्हणावं वेळेवर."

"सांगते," नकाशेबाई म्हणाली.

ताईने समाधानाने मान हलवली आणि ढिगातून दुसरी चादर ओढली. तिची दोन टोकं नकाशेबाईच्या हातात दिली.